विहिरीवर रडणारी गाडी

दोन हजार सोळा साल. मला अठ्ठावन्नावं लागलं होतं. त्या वर्षी दिवाळी सरली आणि माझ्या ट्रकच्या पुढच्या चाकांतून रडण्याचा आवाज यायला लागला.

रडणं हा शब्द माझा नाही, मिस्त्रीचा. आता मिस्त्री राहिला नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण आमच्या रस्त्यावर त्याला नावानं कुणी हाक मारलीच नाही. शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, नुसतं मिस्त्री म्हटलं की तोच. बाकीच्या मिस्त्र्यांना पुढं गावाचं नाव लावायला लागायचं.

गॅरेज म्हणजे किन्हवलीच्या पुढं रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आणि एक मोहाचं झाड. बोर्ड नाही. झाडाला तारा बांधलेल्या आणि तारांना गाड्यांतून निघालेले तुटके भाग टांगलेले. फुटलेली बेरिंग, झिजलेले बुश, तडकलेले स्प्रिंगचे पाटे. प्रत्येकाच्या खाली पत्र्याचा तुकडा, त्यावर खिळ्यानं कोरलेला त्या गाडीचा नंबर. वारा सुटला की सगळं झाड खणखणायचं. कुणी नवा माणूस विचारायचा, हे कशाला टांगलंय? मिस्त्री म्हणायचा, "ज्याचं पाप त्यानं येता-जाता बघावं."

बसायचा कसा, तेही सांगतो. तेलाचा रिकामा डबा पालथा, पाठ मोहाच्या खोडाला, तोंड रस्त्याकडं. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, उघडे पाय जमिनीवर टेकलेले. थंडीतसुद्धा. मागून कुणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही. तालुक्याचा साहेब असला तरी नाही. समोर यायचं, तोंडासमोर उभं राहायचं, मग बोलायचं. त्याची मुलगी वाशिंदला दिलेली, जावई तिथं कारखान्यात. तिनं मोबाइल आणून दिला तर यानं तो पान्यांच्या पेटीत टाकला. "माणूस समोर उभा राहून खोटं बोलतो, फोनवर काय खरं बोलणार?" आम्ही ड्रायव्हर लोक आपसात म्हणायचो, माजलाय. पण कौतुकानं म्हणायचो. हुशार माणसाचा माज लोकांना आवडतो.

आणि एक. माझी गाडी वळणाच्या पलीकडं असायची, दिसायचीसुद्धा नाही, तेव्हाच त्याची मान वर व्हायची. वळून पुढं आलो की हा हात उचलूनच बसलेला. मी दोनदा हॉर्न द्यायचो. वीस वर्षं हे चाललं. मला वाटायचं, काय कान आहे माणसाला.

त्याचं हत्यार म्हणजे दोन हात लांब लोखंडी गज. इंजिन चालू करायला सांगायचा, गजाचं एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं टोक दातांत घट्ट धरायचा आणि डोळे मिटायचा. मग गज काढून थुंकायचा आणि सांगायचा, अमुक ठिकाणी बिघाड आहे. उघडून बघितलं की तिथंच असायचा. गज धरून धरून पुढच्या दोन दातांना खाच पडली होती. भाकरी तो आमटीत भिजवूनच खायचा.

पण गजाच्या आधी त्याची एक रीत होती आणि ती मोडून त्यानं कुणाचं काम केलं नाही. आलेल्या माणसाला तो म्हणायचा, "कसा येतो आवाज? तोंडानं काढ." केवढे केवढे मिशावाले गडी, वीटभट्टीचे मालक, त्या डब्यावर बसलेल्या माणसासमोर उभे राहून कोंबडीसारखे, डुकराच्या पिल्लासारखे आवाज काढायचे. बघणारे पोट धरून हसायचे. मिस्त्री हसायचा नाही. त्या माणसाच्या तोंडाकडं टक लावून बघायचा आणि एक बोट वर करायचा. "परत." असं तीनदा काढायला लावायचा. तिसऱ्यांदा झालं की उठायचा.

मी चौथीत शाळा सोडली. मास्तरानं वर्गासमोर कोंबडा हो म्हणून सांगितलं. मी झालो नाही. पाटी उचलली आणि घरी आलो, परत त्या दारात पाय ठेवला नाही. बापानं मारलं तरी नाही. हे सांगतो कशाला, तर पुढचं कळावं म्हणून.

माझा धंदा गवताचा. किन्हवलीच्या बाजूच्या गावांतून सुटं गवत भरायचं, मुरबाडच्या वखारीत आणायचं. तिथं ते दाबून गाठी करतात, त्या कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांत पोचवायच्या. ट्रक माझा स्वतःचा. त्या साली पावसाळ्यात सरळगावजवळ उतारावर गाडी सरकली आणि नाल्याच्या काठावर येऊन थांबली. चार बोटांनी वाचलो. आणि दिवाळीनंतर हा आवाज. पहाटे दहिवरात निघालो की गप्प. ऊन चढलं, चाकं तापली की सुरू. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. चार दिवस रोज यायचा, मग आठ दिवस नावालासुद्धा नाही. माझ्या मनात एकच, पुढचं चाक दगा देणार. मागचं चाक गेलं तर माणूस वाचतो, पुढचं गेलं तर नाही.

गाडी मिस्त्रीसमोर उभी केली.

"काय?"

"पुढच्या चाकांत आवाज येतो."

"कसा?"

"आवाजासारखा आवाज."

"तोंडानं काढ."

"मी काय माकडवाला हाय? गाडी हाय समोर. तूच ऐक."

बाजूला एक वीटभट्टीचा ड्रायव्हर टायर बदलत बसला होता. तो म्हणाला, "काढ की रे, लाजतो काय नवरीसारखा?"

"तुझ्या सासऱ्याला बोलाव," मी म्हटलं. "तो झोपेत चांगला काढतो."

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही, माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"नाय काढणार?"

"नाय."

"मग वेळ लागंल."

त्यानं जॅक लावला, दोन्ही चाकं उचलली, हातानं फिरवली. गप्प. बेरिंग काढून धुतली, ग्रीस भरलं, परत बसवली. ब्रेकचे लायनर बघितले, चांगले होते. गाडी रस्त्यावर एक फेरी मारून आणली. गप्प. मला राग आला, गाडी मला खोटं पाडायला बघत होती. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "रागवू नको. गाडी सासुरवाशीण असते. चार माणसांत रडत नाय. विहिरीवर एकटी जाते तेव्हा रडते. तिच्यासंगं विहिरीवर जायला लागतं."

तेव्हापासून शेडच्या भिंतीवर त्यानं माझ्या गाडीसाठी कोळशाच्या रेघा ओढायला घेतल्या. आवाज आला त्या दिवशी उभी, नाही आला त्या दिवशी आडवी. येता-जाता मी थांबून सांगायचो. आमच्या दोघांच्या अक्षराची बोंबच, पण रेघा दोघांना वाचता यायच्या.

पुढची अमावास्या आली तेव्हा गाडी त्याच्याच दारात उभी होती. अमावास्येला गाडीला नारळ सगळेच फोडतात. चाकासमोर दगड ठेवायचा, त्यावर फोडायचा. मीही वर्षानुवर्षं तसाच फोडला. पण गाडी नाल्यावरून वाचली, तेव्हा मला बाप आठवला. बाप बैलगाडीच्या चाकावरच नारळ आपटायचा. चाकाला लागला पाहिजे, म्हणायचा, तर चाक राखतं. म्हणून दिवाळीच्या अमावास्येपासून मी दोन्ही पुढच्या चाकांवर एक एक नारळ फोडायला लागलो होतो. कुंकू लावायचं आणि हाणायचा सरळ रिमवर. त्या दिवशीही हाणला. तुकडे उडाले.

मिस्त्री डब्यावरून म्हणाला, "चाकाला कशाला मारतो रे? दगडावर फोड."

"तू तुझ्या पान्याचं बघ. देवाचं आमी बघू."

"बाप तुझा बैलगाडी हाकायचा. तिला ब्रेकचा ड्रम नव्हता."

"माझ्या बापाचं नाव काढू नको, मिस्त्री."

त्यानं तोंड रस्त्याकडं वळवलं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण माझा आवाज चढलेला दिसला की तो गप्प बसायचा. दुसऱ्या चाकावर मी मुद्दाम जोरात हाणला.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आवाज परत आला. मिस्त्री म्हणाला, आता मीच येतो तुझ्यासंगं विहिरीवर. गज घेऊन केबिनमध्ये चढला. पायाखालची फळी काढली. भोकातून गज खाली सोडला, पुढच्या चाकांच्या आसावर टेकवला, खाली वाकला आणि वरचं टोक दातांत धरलं. "सावकाश हाक," म्हणाला. "तोंडात लोखंड हाय माझ्या."

दुपारचे बारा वाजत आले होते. गाडी भरलेली. मी सावकाश हाकत होतो, खोटं सांगत नाही. नदीच्या पुलाच्या अलीकडं आवाज सुरू झाला. मिस्त्रीचे डोळे मिटलेले, कपाळाला आठी. त्याला काहीतरी लागलं होतं हाताला, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. एक हात वर करून त्यानं मला असाच चालू दे म्हणून खूण केली. तेवढ्यात समोरून एसटी आली. मी बाजू दिली आणि समोर खड्डा. पाण्यानं पोखरलेला, गुडघाभर. ब्रेक दाबला, पण भरलेली गाडी जागच्या जागी थांबत नाही.

"मिस्त्री, तोंड काढ!" मी ओरडलो. "तोंड काढ! खड्डा!"

दोनदा ओरडलो. तीनदा. हातभर अंतरावर होता माणूस. त्यानं तोंड काढलं नाही. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

आस खालून वर आला आणि गज त्याच्या तोंडात घुसला.

गाडी उभी केली. त्याच्या शर्टावर रक्त, मांडीवर रक्त, फळीवर दोन दात. खाच पडलेले, पुढचे. मी माझा पंचा त्याच्या तोंडाला लावला. दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड झाकून म्हणालो, "देवा रे, ऐकलं नाय तू? किती ओरडलो मी!"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग रक्त थुंकून म्हणाला, "हात काढ तोंडावरचा. काय बोलतोस कळत नाय."

तेव्हा मला कळलं. समोर येऊन बोला, मागून ओ नाही, फोन नको, उघडे पाय जमिनीला, तोंडानं काढ, परत, परत. इतक्या वर्षांचं सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं.

पुलाच्या कठड्यावर बसून त्यानं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी टायरमध्ये हवा भरताना चाकाची रिंग उडाली होती, ते आम्हाला ठाऊक होतं. हात मोडला होता त्याचा. कान गेले, ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

"गज दातांत धरला की येतं," तो म्हणाला. "डोक्याच्या आत वाजतं. गाडी येते ती पायाला कळते. तुझी डावीकडं कलून चालते."

"आणि माझा हॉर्न?"

"देतोस होय?" तो म्हणाला. कान गेल्यानंतरची आठ वर्षंही मी देत होतो.

जिभेनं त्यानं हिरडी चाचपली. "बहिऱ्या मिस्त्रीकडं आवाज शोधायला कोण येईल रे? बायकोला ठाऊक हाय. आता तुला. स्टेरिंगवर हात ठेव."

आम्हा ड्रायव्हर लोकांत स्टेरिंगची शपथ देवाच्या वरची. खोटी घेतली तर गाडी माणसाला धरून ठेवत नाही म्हणतात. मी केबिनमध्ये चढलो, स्टेरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि शपथ घेतली. कुणाला सांगणार नाही.

एक महिनासुद्धा टिकली नाही.

झालं काय, आवाज जाईना आणि वखारीचा शेठ घाबरला. सुक्या गवताला ठिणगी पुरते. चाकांतून आवाज येतोय म्हणजे काहीतरी घासतंय, घासतंय म्हणजे तापतंय, असा त्याचा हिशेब. तो चूक नव्हता. वखारीत दहा-बारा माणसं होती, हमाल, ड्रायव्हर, वजनवाला. मी गाडी आत घातली तशी कुणीतरी ओरडलं, "रडकी आली रे!"

शेठ म्हणाला, "हे बघ, आधी आवाज बंद कर, मग भर. माझी वखार पेटवायची नाय मला. मिस्त्री काय म्हणतो?"

"म्हणतो, बेरिंग चांगलं हाय, लायनर चांगले हायेत. काय नाय सापडत."

"मिस्त्रीला नाय सापडत? त्याला तर मुंगीचं पादणं ऐकू येतं." माणसं हसली. शेठ म्हणाला, "मग गाडी नाय रडत. तूच रडत असशील आत बसून. बायको आठवत असंल."

जास्तच हसली. मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, स्वतःच्या गाडीचा मालक. मला वर्ग दिसला, मास्तर दिसला.

"त्याला काय सापडणार?" मी म्हणालो. "ठार बहिरा हाय तो! गज दातांत धरतो तो त्याच्यासाठीच. विचारा जाऊन!"

हसणं थांबलं. मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर तेवढा एक क्षण मला बरं वाटलं.

पुढं काय झालं ते लिहायला हात जड होतो. आठवड्यात सगळ्या रस्त्याला कळलं. लोक वाईट नव्हते, पण लोकांना खात्री करून घ्यायची असते. कुणी झाडामागून हाक मारून बघायचा. कुणी जवळ येऊन एकदम हॉर्न द्यायचा. तोच वीटभट्टीचा ड्रायव्हर त्याच्यासमोर उभा राहून नुसते ओठ हलवायचा, आवाज न काढता, आणि मिस्त्री उत्तर द्यायचा, आणि मागचे हसायचे. मिस्त्रीला ते कळत होतं. त्यांच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळत होतं. मग गाड्या यायच्या कमी झाल्या. दात गेल्यावर गज त्याला नीट धरताही येईना, बाजूच्या दाढांत धरून बघायचा, सुटायचा.

मला त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. मी थांबायचं सोडलं. वळण आलं की ॲक्सिलेटर दाबायचो. तो हात उचलूनच बसलेला असायचा, पहिल्यासारखा. मी हॉर्न देत नव्हतो. आठ वर्षं ऐकू न येणारा हॉर्न मी दिला, आणि आता कळल्यावर देत नव्हतो. मग एक दिवस बघितलं, त्याचा हात मांडीवरच होता. पायांत चपला होत्या.

पौषाची अमावास्या सरल्यानंतरचे ते दिवस. मी टोकावड्याला भाचीच्या हळदीला गेलो होतो. संध्याकाळी घरी आलो तर अंगणात गाडीच्या पुढं जॅकच्या खुणा आणि चाकांच्या नटांवर ग्रीसची बोटं उमटलेली.

"कोण आलं होतं?"

बायको म्हणाली, "मिस्त्री येऊन गेले. सायकलवर जॅक बांधून आले होते. दोन्ही चाकं काढली, साफ केली, परत लावली. पाणीसुद्धा नाय घेतलं."

"मला न विचारता गाडीला हात कसा लावला त्यानं? आणि तू लावू दिला?" मी वाट्टेल ते बोललो. "काय निघालं?"

"मला काय कळतंय गाडीचं?" ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून आवाज बंद. परत आला नाही. पुढच्या अमावास्येला बायकोनं माझ्या हातातला नारळ काढून घेतला. म्हणाली, "मी नवस बोललेय, यापुढं गाडीचा नारळ मीच फोडणार." दगड ठेवला आणि त्यावर फोडला. बायकोच्या नवसात मी कशाला पडू? वखारीत मात्र मी छाती काढून सांगितलं, "बघा, मिस्त्रीवाचून थांबला आवाज. गाडीवर मालकाचा जीव लागतो." शेठनं चहा पाजला. मी प्यालो.

मिस्त्रीनं शेड बंद केली ती पुढच्या दिवाळीच्या आधी. मुलगी येऊन आई-बाप दोघांना वाशिंदला घेऊन गेली, असं कळलं. शेड एका पंक्चरवाल्यानं घेतली. एक दिवस दुपारी मी तिथं हवा भरायला थांबलो. पंक्चरवाला झाडावरच्या तारा तोडत होता, भंगारवाला खाली पोतं धरून उभा. बेरिंग, बुश, पाटे खणाखण पोत्यात पडत होते. एक तुकडा खाली पडला तो बाकीच्यांसारखा वाजला नाही.

"हे काय लाकूड टांगलंय खुळ्यानं?" पंक्चरवाला म्हणाला आणि पायानं बाजूला सारलं.

मी उचललं. करवंटीचा तुकडा होता, अंगठ्याएवढा. एक कड घासून घासून काचेसारखी झालेली, काळी. दुसऱ्या बाजूच्या खाचेत कुंकू. त्याच्या खाली पत्र्याचा तुकडाही टांगलेला होता, सगळ्यांसारखाच. पण त्यावर नंबर नव्हता. त्या अख्ख्या झाडावर बिननंबराचा तो एकच.

हवा न भरताच घरी आलो. तुकडा बायकोसमोर ठेवला. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि हात पुसले.

"दोन्ही चाकांतून निघाले," ती म्हणाली. "ड्रमच्या मागं फटीत जाऊन बसलेले. भिंतीवरच्या रेघा मोजल्या म्हणाले, अमावास्या झाली की सुरू होतो, तुकडा झिजला की थांबतो. दहिवरानं भिजला की गप्प, सुकला की रडतो. म्हणाले, यापुढं नारळ तुमी दगडावर फोडा वहिनी, कायतरी निमित्त काढा."

"मला का नाय सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं नको म्हणून." ती जमिनीकडं बघत बोलत होती. "म्हणाले, त्याचाच नारळ निघाला म्हणून कळलं तर चार माणसांत त्याला तोंड दाखवता येणार नाय. हट्टी हाय. राहू दे त्याचं."

मी तुकडा परत हातात घेतला.

"आणखी काय म्हणाला?"

"अवो, राहू दे ना."

"सांग."

"म्हणाले, लोखंडाचा आवाज काढायचा तर माणूस दात दाखवतो. लाकडाचा काढायचा तर ओठ आवळतो. त्यानं पहिल्या दिवशी तोंडानं काढला असता तर त्याच दिवशी कळलं असतं."

"मग त्याचे दात राहिले असते, असं म्हणाला काय?" मी विचारलं. बायको म्हणाली, नाही, तसं काही नाही म्हणाले.

त्या रात्री मी जेवलो का नाही, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी काढली आणि वाशिंदला गेलो. स्टेशनच्या पलीकडं नव्या बिल्डिंगा झाल्यात, त्यात विचारत विचारत पोचलो. गेटच्या आत फरशी घातलेली, तिथं प्लास्टिकच्या खुर्चीत मिस्त्री बसला होता. पायांत चपला. माझी गाडी गेटला येऊन लागली तरी त्यानं मान वर केली नाही. फरशीतून त्याला काही कळत नसावं. कारखान्याच्या बसची वाट बघत आठ-दहा माणसं उभी होती, वॉचमन होता, वरच्या गॅलऱ्यांत बायका कपडे वाळत घालत होत्या.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं बघितलं. ओळख दिसली. नेहमीसारखा माझ्या तोंडाकडं बघायला लागला, आता हा काय बोलतो म्हणून. मला बोलायचं होतं. येताना सगळा रस्ता मी शब्द लावत आलो होतो. एकही आला नाही.

मी ओठ आवळले आणि आवाज काढला. चाकातून यायचा तसाच, बारीक, लांब, मध्येच तुटणारा. बसची माणसं वळून बघायला लागली. गॅलरीत कुणीतरी हसलं. वॉचमन उठला.

मिस्त्रीचं तोंड थोडं उघडलं, पुढचे दोन दात नव्हते तिथं काळं दिसलं. मग त्यानं मांडीवरचा हात उचलला आणि एक बोट वर केलं.

"परत," तो म्हणाला.

मी परत काढला.